बॅनरवरचा ‘टाळा’ हा शब्द काढा: आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या कमिटीला खुलं पत्र

आदरणीय अध्यक्ष काका, सेक्रेटरी ताई आणि कमिटीतले सगळे,

गेटवर परवा जो बॅनर लागलाय ना, ‘नवी भाषा शिका, डिमेन्शिया टाळा! ज्येष्ठांसाठी जर्मनचे वर्ग, 21 सप्टेंबरपासून’, त्याबद्दल हे पत्र. ग्रुपवरच टाकणार होते पण तिथं काहीही लिहिलं की दोन मिनिटांत त्यावर गुड मॉर्निंगची फुलं येऊन पडतात आणि खालचं कोणी वाचत नाही. म्हणून वेगळं लिहितेय, आणि खुलं लिहितेय कारण बॅनरही खुलाच आहे.

आधीच सांगून टाकते, माझं जर्मनशी काही वाकडं नाही. अर्ध्या सोसायटीची नातवंडं म्युनिकला नाहीतर स्टुटगार्टला आहेत, व्हिडिओ कॉलवर त्यांच्याशी दोन शब्द बोलता आले तर चांगलंच आहे, शिका की. माझं भांडण ‘टाळा’ या एका शब्दाशी आहे.

झालं काय, त्या संध्याकाळी अम्माला, म्हणजे माझ्या आईला, व्हीलचेअरवरून खाली आणलं होतं, तिला डिमेन्शिया आहे, विस्मरणाचा आजार, नेमकं बॅनरसमोरच थांबलो होतो, तर आपल्या संघातल्याच एक बाई, स्वभावानं अगदी चांगल्या, त्यांनी बॅनर वाचला, अम्माकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "अगं पण तुझ्या आईला तर चार-चार भाषा यायच्या ना? मग हिला कसं काय झालं?" मला काही सुचलंच नाही. म्हणजे अम्माकडूनच काहीतरी कमी पडलं, भाषा नीट वापरल्या नाहीत तिनं, असं काहीतरी त्या प्रश्नात होतं, त्यांच्या मनात नसेलही, पण बॅनर वाचल्यावर तो प्रश्न पडणारच ना कोणालाही. त्या रात्री झोप आली नाही म्हणून हे सगळं डोक्यात जुळवत बसले.

अम्मा सोलापूरची, पूर्व भागातली. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू. वडील यंत्रमागावर, अम्मा बिड्या वळायची. शाळेत एक दिवस गेलेली नाही, सही म्हणजे अंगठा, पण भाषा चार. घरात तेलुगू, बाजारात आणि रेशनच्या दुकानात मराठी, शेजारच्या लिंगायत काकूंशी कन्नड, आणि बिडी कारखान्यात बाजूला बसणाऱ्या मुसलमान बायकांशी दखनी, आपला ‘नको’ उचलून ‘नक्को’ म्हणते ती. पाणी मागायचं तर नीळ्ळु, पाणी, नीरु, पानी, समोर कोण बसलंय त्याप्रमाणे. एका वाक्यात तीनदा भाषा बदलायची आणि आपण बदलली हे तिला स्वतःला कळायचं पण नाही. तिला कोणी बहुभाषिक म्हणलं असतं तर म्हणली असती, असला काही रोग नाही मला.

आणि गंमत बघा, या विषयातला जो फार गाजलेला अभ्यास आहे, ज्याच्या जोरावर असले बॅनर लागतात, तो झाला सोलापूरपासून तीनशे किलोमीटरवर, हैदराबादला. निझाम्स इन्स्टिट्यूट, ज्याला सगळे निम्स म्हणतात, तिथल्या डॉ. सुवर्णा अल्लाडी (त्या नंतर बंगळुरूच्या निम्हान्समधे, मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेत, गेल्या) आणि एडिंबराचे थॉमस बाक वगैरे मंडळींनी मेमरी क्लिनिकमधे आलेल्या डिमेन्शियाच्या 648 पेशंटची माहिती तपासली, 2013 मधे ते छापून आलं. त्यातले 391 जण दोन किंवा जास्त भाषा बोलणारे. तेलुगू, दखनी, हिंदी, इंग्रजी अशा. तर एकच भाषा बोलणाऱ्यांना आजाराची सुरुवात सरासरी 61.1 व्या वर्षी झाली होती आणि दोन किंवा जास्तवाल्यांना 65.6 व्या वर्षी. साडेचार वर्षांचा फरक. शिक्षण, काम, शहरातले की खेड्यातले, सगळं हिशोबात धरून सुद्धा तो फरक टिकला, आणि मला सगळ्यात जवळचं वाटलं ते हे की कधीच शाळेत न गेलेल्या लोकांमधे पण तो दिसला. म्हणजे अम्मासारख्या.

आता परत नीट वाचा. 648 च्या 648 जण डिमेन्शियाचेच पेशंट होते. भाषा येणारे 391 पण. टाळला कोणीच नव्हता! उशीर झाला, सरासरीनं, एवढंच तो अभ्यास सांगतो. आणि सरासरीतून एका माणसाचं काही सांगता येत नाही, अम्माला 78 व्या वर्षी सुरू झालं, तिला एकच भाषा येत असती तर कधी झालं असतं हे कोणताच डॉक्टर सांगू शकणार नाही, मीही त्या बाईंना काय सांगणार.

अजून एक, त्याच अभ्यासात दोनाहून जास्त भाषांचा वेगळा फायदा काही दिसला नव्हता. दोन बोलणारे आणि चार बोलणारे, सारखेच. आपल्या संघात असा कोण आहे हो ज्याला एकच भाषा येते? मराठी आणि हिंदी तर सगळ्यांनाच, बहुतेकांना इंग्रजी कामापुरती, कुलकर्णी मंडळींना कन्नड, गोव्याच्या काकांना कोंकणी. त्या हिशोबानं आपण सगळे आधीच पास झालोय, मग जर्मनची फी कशासाठी.

आता हा उशीर होतो कसा, तर मला जे समजलं ते माझ्या पद्धतीनं सांगते. दोन भाषा येणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही एकदम जाग्या असतात, एक बोलताना दुसरी दाबून धरावी लागते, समोरचा माणूस बदलला की पटकन उलटं करावं लागतं, हे दिवसभर, वर्षानुवर्षं चालतं, त्यानं मेंदूचा जो लक्ष ठेवणारा, आवरणारा भाग आहे त्याला सतत काम मिळतं आणि राखीव ताकद तयार होते असं मानतात. आमच्या आजोळी धान्य साठवायची कणगी होती. कणगी भरलेली असली म्हणून दुष्काळ थांबत नाही, तो सगळ्या गावाला सारखाच, पण त्या घरातली चूल जास्त दिवस पेटते. टोरांटोत 2012 मधे याचा जरा पुरावाच मिळाला, सारख्याच पातळीचा अल्झायमर (डिमेन्शियाचाच एक प्रकार) दिसणाऱ्या लोकांचे मेंदूचे स्कॅन बघितले तर दोन भाषावाल्यांच्या मेंदूची झीज जास्त झालेली निघाली. म्हणजे आजार आत पुढं गेला होता आणि माणूस बाहेरून तेवढाच दिसत होता. कणगीवर चालू होतं सगळं. निम्सवाल्यांनीच नंतर, 2016 मधे, पक्षाघात झालेल्या 608 लोकांचं बघितलं, तर झटक्यानंतरही विचारशक्ती शाबूत राहिलेले दोन भाषावाल्यांत साधारण 40 टक्के आणि एक भाषावाल्यांत 20 च्या आसपास. हे आकडे मला पण सुखावतात, खोटं कशाला बोलू.

पण दुसरी बाजू बॅनरवर मावत नाही म्हणून सोडून द्यायची का? टोरांटोचा 2007 चा पहिला अभ्यास, 184 पेशंट, चार वर्षांचा उशीर, त्यावर लोकांनी शंका काढली की तिथले दोन भाषावाले बरेचसे बाहेरदेशातून आलेले, मुळात धडधाकट आणि धडपडे लोकच देश सोडून जातात, मग हे भाषेमुळं की त्या धडपडीमुळं? हैदराबादमधे ही शंका लागू पडत नव्हती, तिथं दोन भाषा बोलायला कुठं जावंच लागत नाही, शेजारी गेलं तरी पुरतं, म्हणून तर त्या अभ्यासाचं एवढं नाव झालं. पण तो पण दवाखान्यात आलेल्या लोकांवरचाच. जे आलेच नाहीत त्यांचं काय. न्यूयॉर्कला मॅनहॅटनच्या उत्तर भागात स्पॅनिश बोलणाऱ्या हजारावर म्हाताऱ्या माणसांना, सुरुवातीला डिमेन्शिया नसलेल्यांना, काहींना तर 23 वर्षांपर्यंत अधूनमधून तपासत राहिले, इंग्रजी चांगली येणारे आणि न येणारे, आणि 2014 मधे निकाल आला की डिमेन्शिया होण्या न होण्यात फरक नाही. मग 2017 मधे लंडनच्या लोकांनी असे सगळे अभ्यास एकत्र मांडले तर तोच घोळ, आजार झाल्यावर मागं वळून बघणाऱ्या अभ्यासांत फायदा दिसतो, धडधाकट माणसांचा पुढं पुढं पाठलाग करणाऱ्यांत दिसत नाही. म्हणजे वाद मिटलेला नाही. संशोधक अजून भांडतायत आणि आपण फ्लेक्स छापून मोकळे.

आणि म्हातारपणी वर्ग लावून शिकलेल्या भाषेचं तर आणखीनच वेगळं. वर सांगितलेले अभ्यास वर्षानुवर्षं दोन भाषांत जगलेल्यांचे आहेत. वर्गाच्या बाजूनं बोलायचं तर स्कॉटलंडमधे स्काय नावाच्या बेटावर एक आठवड्याचा गेलिक भाषेचा वर्ग होता, तिथं 18 पासून 78 वयापर्यंतचे लोक होते, आठवड्याभरात त्यांचं लक्ष देण्याचं काम सुधारलं, आणि नऊ महिन्यांनी ते कोणाचं टिकलं, तर जे आठवड्याला पाच किंवा जास्त तास सराव करत राहिले त्यांचं. चांगलंच आहे ना हे. पण ते लक्षाबद्दल होतं, डिमेन्शियाबद्दल नव्हे, आणि आपला वर्ग शनिवारी एक तास, त्यातला अर्धा चहात जाणार.

हे झालं कागदावरचं. आता जे मला खरं बोलायचंय ते.

तीन वर्षांपूर्वी मी अम्माला पुण्याला आणलं. सोलापुरात एकटी राहणं शक्यच नव्हतं, गॅस चालू ठेवायची, एकदा रात्री दोन वाजता कारखान्याला जायचं म्हणून निघाली, जो कारखाना तिनं सोडून वीस वर्षं झाली होती. आणलं ते बरोबरच होतं. पण इथं आल्यावर तिची कन्नड बंद, शेजारच्या काकू तिकडंच राहिल्या. दखनी बंद. तेलुगू फक्त माझ्याशी, आणि खरं सांगू का, माझी पण तेलुगू गंजलीय, लग्न मराठी घरात झालं, पस्तीस वर्षं मराठीत संसार केला. तिचा आजार कशानं वाढला हे मी डॉक्टर नाही त्यामुळं म्हणणार नाही, आजार त्याच्या गतीनं चाललाच असेल. पण एवढं मला डोळ्यांनी दिसलं की तिच्या भाषा तिच्या डोक्यात कधी नव्हत्याच, त्या आमच्या गल्लीत होत्या. माणसं होती म्हणून भाषा होत्या. तिला गल्लीतून उचलली, भाषा तिकडंच राहिल्या.

आता तर मराठी पण निसटत चाललीय. या आजारात बऱ्याच जणांचं असं होतं, मागून शिकलेली भाषा आधी जाते आणि पहिली उरते, आणि कोणाशी कोणती बोलायची ही जी आतली चाळणी असते ती पण फाटते. ती तुमच्याशी तेलुगूत बोलते तेव्हा मुद्दाम नाही करत काका, तिला वाटतं तुम्ही आमच्या गल्लीतलेच आहात.

पहिल्यांदा तिला तपासायला नेलं होतं त्या हॉस्पिटलचं नाव घेत नाही. तिथं 30 मार्कांची ती प्रश्नावली, आज तारीख काय, आणि शंभरातून सात वजा करत जा. हिंदीत विचारलं. शंभरातून सात! ती गप्प बसली, मार्क कापले. मी घरी आल्यावर तेलुगूत विचारलं, अम्मा, पंचवीसचं एक बंडल, तर हजार बिड्यांची बंडलं किती? न थांबता म्हणाली, नलभै. चाळीस. आजार नव्हता असं मी म्हणत नाहीये, होताच, पण त्या कागदावर जेवढा आला तेवढा त्या दिवशी नव्हता. ही प्रश्नावली मूळ अमेरिकेतली, 1975 ची. आपल्याकडे हरियाणात बल्लभगडला न शिकलेल्या खेड्यातल्या लोकांसाठी तिचं वेगळं हिंदी रूप केलं गेलंय, आयसीएमआरनं, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, तर हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम अशा भाषांत अख्खा चाचण्यांचा संच बनवलाय. म्हणजे गोष्टी आहेत, आपण मागत नाही. संघानं 21 तारखेला कोणा न्यूरॉलॉजिस्टला बोलावलं तर मराठी माणसाला मराठीत आणि न शिकलेल्याला त्याच्या हिशोबानं कसं तपासता हे विचारा, ते जास्त उपयोगाचं होईल.

आणि माझी चूक पण लिहिते, नाहीतर तुम्हालाच उपदेश केल्यासारखं होईल. माझा मुलगा लहान असताना शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं की घरात एकच भाषा ठेवा, मुलाचा गोंधळ होतो, त्याला बोलायला उशीर होईल. मी लगेच तेलुगू बंद केली. आता तो तीस वर्षांचा आहे, आठवड्याला येतो, आजीजवळ बसतो, ती त्याला "तिन्नावा?" म्हणून विचारते, जेवलास का एवढंच, आणि तो माझ्याकडे बघतो. ज्या घरांत नातवंडं आहेत आणि सून कानडी नाहीतर गुजराती आहे, त्यांनी तिला मुलांशी मराठीतच बोल म्हणून टोकू नका हो. कोणाच्या मेंदूचं काय होईल ते चाळीस-पन्नास वर्षांनी कळेल, आजीशी बोलता येईल हे तर लगेच मिळतं.

तर कमिटीनं काय करावं. पहिलं म्हणजे ‘डिमेन्शिया टाळा’ काढून ‘जर्मन शिका, मजा येते’ लिहा, मी स्वतः नाव देते. दुसरं, फ्लेक्सचं बजेट उरलं असेल तर कानाच्या तपासणीचा कॅम्प लावा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या कमिशननं 2024 मधे डिमेन्शियाचे आवरता येण्यासारखे 14 धोके दिलेत, ते सगळेच्या सगळे काढता आले तर जगातल्या जवळजवळ 45 टक्के केसेस होणार नाहीत किंवा लांबतील असा त्यांचा अंदाज आहे. त्या यादीत किती भाषा येतात हे नाहीच आहे. ऐकू कमी येणं आहे, नजर कमी होणं आहे, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, सिगारेट, दारू, बसून राहणं, एकटेपणा, हवेचं प्रदूषण असं सगळं आहे. आपल्या मीटिंगमधे निम्म्या लोकांना ऐकू येत नाही म्हणून तर भांडणं होतात! मशीन लावायची लाज वाटते, ड्रॉवरमधे पडून आहे, आणि ऐकूच आलं नाही तर जर्मन काय नि मराठी काय. आपल्या देशात 60 च्या वरचे 7.4 टक्के लोक, म्हणजे 88 लाखांच्या आसपास, डिमेन्शियात आहेत असा 2023 मधे छापून आलेला अंदाज आहे, आपल्या संघाचे दीडशे मेंबर, हिशोब तुम्हीच करा किती घरात हे दाराआड चालू असेल. ती घरं तो बॅनर रोज वाचतायत.

आणि भाषेचंच काही करायचं असेल तर वर्गापेक्षा कट्टा करा. तीन विंगमधे मिळून आपल्याकडे कन्नड, कोंकणी, सिंधी, गुजराती, अहिराणी, तेलुगू सगळं आहे, पण खाली आलो की सगळे मराठी-हिंदीवर येतो. आठवड्यातून एकदा ज्यानं त्यानं आपल्या घरातल्या भाषेत बोलावं, बाकीच्यांनी समजून घ्यायचा प्रयत्न करावा, फी नाही, पुस्तक नाही. या सोसायटीत म्हातारपणी नाही पण खरोखर नवी भाषा कोण शिकलं माहितीय? अम्माला सांभाळणारी मुलगी, लातूरकडची, सव्वीस वर्षांची. नीळ्ळु, बुव्वा, नोप्पी, वद्दु. पाणी, भात, दुखतंय, नको. दुसऱ्या आठवड्यात आले तिला हे शब्द, कारण त्याशिवाय दिवस निघतच नव्हता.

आता शेवटचं, आणि हे कमिटीच्याच हातातलं आहे. गेटवरच्या सिक्युरिटीतला एक मुलगा देगलूरचा आहे, तेलंगणाच्या हद्दीवरचं गाव, त्याला छान तेलुगू येते. मागं एकदा त्यानं जाता जाता अम्माला "बागुन्नवा अम्मा?" विचारलं तर ती दहा मिनिटं बोलत होती त्याच्याशी, इतकी वाक्यं मी वर्षभरात ऐकली नव्हती, बिडीच्या कारखान्यातल्या नर्सव्वाचा तो भाऊ आहे असं तिनं ठरवून टाकलं आणि त्यानंही हो म्हणून टाकलं. मग सुपरवायझरनं त्याला झापलं की पोस्ट सोडून गप्पा मारतोस. सुपरवायझरचं पण चूक नाही, नियम आहे. पण कमिटीनं ठराव करून त्याला रोज चार वाजता पंधरा मिनिटं सोडावं अशी माझी लेखी विनंती आहे. गेटवर तेवढा वेळ मी उभी राहते. गाड्यांची एन्ट्री कशी करायची ते त्यानं मला दाखवून ठेवलंय.

तुमची,
बी विंग, तळमजला
(संघाची मेंबर, यंदाची वर्गणी भरलेली आहे)